त्रेपन्न हजार सहाशे हेक्टर

शुक्रवारी दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि फोन थरथरला. पुनमचा निरोप होता, बोललेला, एक्केचाळीस सेकंदांचा. पुनम माझी धाकटी बहीण, जर्मनीत नर्स आहे, आल्प्सच्या पायथ्याशी एका प्रचंड तलावाच्या काठच्या दवाखान्यात. तिचे निरोप मी सहसा घरी गेल्यावर ऐकते, कारण त्यांत काहीतरी नवीन असतंच, नवी सायकल, नवा पगार, नवा डोंगर, आणि ते ऐकल्यावर मला जेवण जात नाही. पण त्या दिवशी टेबलाशी मी एकटीच होते, म्हणून फोन कानाला लावला. ती म्हणाली, "बाई, परवा रविवारी मी तलाव पोहून पार कराले उतरून राह्यली. मांगच्या साली मधातूनच वापस आली होती, तुले मालूम आहे. एक विचाराचं आहे. लहानपनी आपल्या तलावातून मी एकटी पार गेली म्हनतेत ना सारे, तवा माह्या पोटाखाली कोनाचा तरी हात होता असं मले वाटते. तुहा होता का? खरं सांगजो. हात असन तर मी उतरत नाई. म्हंजे मी एकटी कधी गेलीच नाई मंग." पुढे कुठली तरी घंटा वाजली आणि निरोप संपला. मी डब्यातल्या भाताकडे पाहत राहिले. भूक होती, म्हणजे दोन मिनिटांपूर्वी होती.

आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. त्या शब्दात मान असतो आणि वयही असतं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मला त्यातलं वयच जास्त ऐकू येतं. मी चंद्रपूरला एका सरकारी ऑफिसात कंत्राटावर कॉम्प्युटर चालवते. काम एकच, जिल्ह्यातल्या तलावांच्या नोंदी. तलावाचं नाव, गाव, गट नंबर, जलक्षेत्र हेक्टरमध्ये, कोणत्या मच्छीमार सोसायटीकडे आहे ते. अकरा वर्षं हेच करते आहे. त्यामुळे मला आता पाणी पाणी म्हणून दिसतच नाही. रामाळा तलावाच्या काठाने स्कूटी नेताना लोक सूर्यास्त बघतात, माझ्या डोळ्यांसमोर आकडा येतो. कोणाच्या लग्नाचे फोटो पाहायला घेतले आणि मागे बोडी, म्हणजे लहान तलाव, दिसली, तर मी मनात तिचे हेक्टर मांडते आणि नवरी पाहायची राहून जाते. नवरा म्हणतो, तुला वेड लागलं आहे. असेल. पण ज्या मुलीला पाण्यातून बाहेर काढून खुर्चीवर बसवलं, तिने पाण्याचं दुसरं काय करायचं?

म्हणून पुनमच्या तलावाचेही हेक्टर मी फार आधीच काढून ठेवले होते, दोन वर्षांपूर्वी, ती तिकडे गेली त्याच आठवड्यात. पाचशे छत्तीस चौरस किलोमीटर. म्हणजे त्रेपन्न हजार सहाशे हेक्टर. आमच्या गावचा, आरमोरीच्या अलीकडचा तलाव एक्केचाळीस हेक्टर, सरकारी कागदावर, उन्हाळ्यात त्याचाही अर्धा. त्रेपन्न हजार सहाशेला एक्केचाळीसने भागलं. तेराशे सात. माझ्या बहिणीच्या वाट्याला तेराशे सात तलाव आले होते आणि माझ्या वाट्याला खिडकीशेजारची खुर्ची, तीही कुलरची हवा न लागणारी. लांबी त्रेसष्ट किलोमीटर, म्हणजे चंद्रपूरहून निघालं तर मूल मागे टाकून जवळपास सावलीपर्यंत नुसतं पाणी. खोली अडीचशे मीटर. आमच्याकडे खोली पुरुषांत मोजतात, माणूस हात वर करून उभा राहिला की एक पुरुष, आणि आमचा तलाव भर पावसाळ्यात दोन पुरुष. त्या तलावात दीडशे दोनशे पुरुष एकमेकांच्या खांद्यावर उभे केले तरी वरच्याच्या नाकात पाणी जाईल. तीन देशांचे काठ आहेत म्हणे त्याला, आणि तीन देश भांडत नाहीत. आमच्या तलावावरून दोन गावं माझ्या जन्माआधीपासून भांडत आहेत. हे सगळं मी कोणालाही न सांगता एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे. माणूस ज्याच्यावर जळतो त्याची मापं त्याला तोंडपाठ असतात.

होय, मी जळते. हे एकदा स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे उगाच मला कोणी सोसणारी मोठी बहीण वगैरे समजेल. गल्लीतल्या बायका विचारतात, तुमची पुनम कशी आहे, मी तोंडभर हसून सांगते, मजेत आहे, आणि पोटात दुखतं ते खरंखुरं दुखतं, डाव्या बाजूला, बरगडीखाली. तिने पोहतानाचा व्हिडिओ पाठवला होता मागच्या उन्हाळ्यात. निळंशार पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर, डोक्याला पिवळी टोपी, आणि कमरेला दोरीने बांधलेला नारिंगी फुगा, मागे मागे येणारा, होड्यांना दिसावं म्हणून. बाबा माझ्याकडे डोळे तपासायला आले होते, त्यांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुंबा बांधूनच पोहून राह्यली तं." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना दुसऱ्यांदा चहा करून दिला. वाळलेला दुध्या भोपळा कमरेला बांधून आमच्याकडे पोहायला शिकणारी पोरं पोहतात, किंवा म्हातारे. मी कधी तुंबा बांधला नाही. आणि तिचं तोंड सगळं पाण्यात. आमच्यात तोंड पाण्यात घालत नाहीत, मान वर हवी, डोळे जाळ्यावर हवेत, आणि हात पाय असे हलायला हवेत की आवाज होऊ नये, मासा बुजू नये. ती फटाफट हात मारत होती. तिकडे तिला ते शिकायला आठ महिने लागले म्हणे, आधीचं सगळं विसरायला सहा आणि नवीन शिकायला दोन. आधीचं म्हणजे मी शिकवलेलं.

आमच्या बाबांचं नाव दादाजी, तलावावरचे सगळे त्यांना दादाजीभाऊ म्हणत. मोठं जाळं लावायचं असलं की त्याच्या दोराचं एक टोक पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पलीकडच्या काठाला न्यावं लागे. डोंग्याने नेलं तर वल्ह्याच्या आवाजाने मासा तळाला दबतो, म्हणून दोर पोहून न्यायचा, दातात धरून, मान वर, पाण्यावर सुरकुती न उठवता. हे काम एकाच माणसाचं असे आणि बारा वर्षांची झाल्यापासून ते माझं होतं. पुरुष होते, तरणी पोरं होती, पण बाबा म्हणत, रंजीता नेईल. सहाशे मीटरचं अंतर. पहाटेचं पाणी वर कोमट आणि मांडीखाली गार असे, दोर भिजून जड होई, तोंडात काथ्याची आणि शेवाळाची चव उतरे, आणि मध्यावर पोचल्यावर एक क्षण असा येई की दोन्ही काठ सारखेच लांब असत आणि कोणीही मला काही सांगू शकत नसे. घरात मला सगळे काही ना काही सांगत. तिथे नाही. पलीकडे चिखलात पाय टेकले की मी दोर खुंटाला बांधून दोनदा हिसका देई आणि पाळीवरून बाबा हात वर करीत. शाबासकी एवढीच. पण ती सगळ्या गावासमोर असे. निरोपानंतर रजिस्टरच्या त्याच पानावर मी हिशेब मांडला, पुनमला रविवारी बारा किलोमीटर पोहायचं आहे, काठापासून काठापर्यंत, जर्मनीतून स्वित्झर्लंडात, बल्लारशा यायच्या थोडं आधीपर्यंतचं अंतर. म्हणजे आमचा तलाव वीस वेळा. मी सहा वर्षांत दोनशे वेळा तरी दोर नेला असेल. म्हणजे मी तिचा तलाव दहा वेळा पार केला आहे, फक्त तुकड्यातुकड्याने, आणि माझा फोटो कोणी काढला नाही.

एकोणीसशे नव्व्याण्णवमध्ये माझं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. मी अठरा वर्षांची होते, बारावीचा निकाल लागायचा होता. आमच्यात साक्षगंध झालेली पोरगी तलावात उतरत नाही. का, ते कोणी सांगत नाही, विचारायचंही नसतं. तिला पाण्याने ओळखलं तर सासर मानवत नाही, असं काहीसं आजी बोलायची. ज्याच्याशी ठरलं तो धनराज चंद्रपूरला खाणीत लागलेला होता, दिसायला बरा, बोलायला कमी, तेव्हाही आणि आताही, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार त्या मे महिन्याची आहे. मी पाळीवर बसून राहायचे आणि दोर घेऊन कोणीतरी सोमाजीचा पोरगा जायचा, धपाधप पाणी उडवत, आणि दोन दिवस जाळ्यात काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळे पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसले असताना बाबांनी नऊ वर्षांच्या पुनमला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता माहा दोर हे नेईल." सगळे हसले. गंमतच होती ती, पोर कमरेएवढी. पण माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. सहा वर्षं मी दातात धरलेला दोर एका वाक्यात तिच्या नावे झाला, आणि ज्याने केला त्याला कळलंसुद्धा नाही. आज इतक्या वर्षांनीही मी ते वाक्य स्वयंपाक करताना मध्येच ऐकते.

आता त्या दिवसाचं. बाबांचं बोलणं पोरीने खरं धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुषमाणसं मोहाखाली शिदोऱ्या सोडून बसली होती, तलावाकडे पाठ करून, आणि पुनम फ्रॉकसह पाण्यात उतरली. मी पाळीच्या टोकाला, जिथे बेशरमाची दाट झुडपं होती, तिथे उगाच बसले होते. मला दिसली. हाक मारली असती तर पुरुष धावले असते आणि बाबांनी तिला दोन थपडा मारून मिटवलं असतं. मी हाक मारली नाही. ओढणी झुडपात टाकली आणि उतरले. दीड महिन्याने पाण्यात उतरत होते, आणि खरं सांगायचं तर पहिले काही हात मारेपर्यंत मला पुनम आठवलीसुद्धा नाही. नाकापर्यंत पाण्यात राहून मी तिला तिसऱ्या हिश्श्यावर गाठलं. तिचे हात थकले होते, हनुवटी पाण्याखाली जात होती. मी मागून, बाजूने, तिच्या पोटाखाली तळवा लावला. तिने मागे पाहिलं नाही. लहान पोराला एकदा आधार लागला की ते पाहत नाही. तशा आम्ही गेलो. पलीकडच्या काठाला ती एकटी उभी राहिली आणि ओरडली, तेव्हा पुरुषांनी माना वळवल्या. मी काठच्या बेशरमात गळ्याएवढ्या पाण्यात बसून राहिले, उन्हं उतरेपर्यंत, आणि मग धानाच्या बांध्यांमधून लांबचा फेरा घेऊन ओल्या कपड्यांनी घरी गेले. आई, गुणाबाई, तिने पाहिलं आणि कपडे चुलीमागे वाळत घातले. आई आता नाही. त्या संध्याकाळी बाबांनी पुनमला खांद्यावर बसवून गावभर फिरवलं. शाळेत तिला पाटी आणि कंपास मिळाली. तालुक्याच्या पेपरात चार ओळी आल्या. साक्षगंध झालेली पोरगी पाण्यात उतरली होती हे कळलं असतं तर लग्न मोडलं असतं, म्हणून मी गप्प राहिले, आणि पुढे लग्न झालं तरी गप्पच राहिले, कारण मग सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता.

पण त्या चार ओळींवर तिचं सगळं उभं राहिलं. पुनम म्हणजे तलाव पार केलेली पोरगी. बाबांनी तिला आरमोरीला शिकायला ठेवलं, मग नर्सिंगला ती चंद्रपूरला आली आणि तीन वर्षं माझ्या घरी राहिली. मी तिचा डबा केला, गणवेश इस्त्री केला, परीक्षेच्या वेळी तिच्यासाठी टीव्ही बंद ठेवला. ती रात्री माझ्या अंगावर पाय टाकून झोपायची. माझं तिच्यावर प्रेम नाही असं कोण म्हणेल? तिला ताप आला तेव्हा माझ्याच हातची पेज तिला लागली. आणि तरी ती कपड्यांची घडी घालताना गुणगुणायला लागली की मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागायचं. तिकडच्या तिच्या पोहण्याच्या क्लबने तिची मुलाखत छापली होती, तिने तिचं भाषांतर पाठवलं होतं. नवव्या वर्षी मी एकटीने गावचा तलाव पार केला, भीती तेव्हाच संपली, असं त्यात होतं. मी ते तीनदा वाचलं. एकदाही मला 'बाई' हा शब्द सापडला नाही. आणि आता तीच विचारत होती की हात होता का.

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार सगळा मी उत्तर दिलं नाही. निरोप ऐकल्याच्या दोन निळ्या खुणा तिला दिसत असणार. उत्तर न देण्यातही एक सुख होतं हे कबूल करते. चोवीस तास बारा किलोमीटर माझ्या एका शब्दावर अडून राहिले होते. शनिवारी सकाळी मी शेपूची भाजी निवडत होते आणि वाक्य जुळवत होते. होता हात, पुनम. सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता. बस, एवढंच. खोटं बोलायचंही नव्हतं, निदान बाकीच्या जगाला खोटं वाटणार नव्हतं. मग तिच्या मुलाखतीतली ती ओळ पुसली जाणार होती, बाबांना कळणार होतं, चार ओळींच्या जागी माझं नाव येणार होतं. ती म्हणाली होती, हात असेल तर उतरत नाही. नाही तर नाही. नर्स म्हणून तिला तिकडे मान आहे, पगार आहे, तलाव पोहलाच पाहिजे असं कुठे लिहिलं आहे? माझं कुठे काय अडलं, मी पोहायची थांबले तेव्हा?

दुपारी बाबांचा फोन आला. त्यांना तिने रविवारचं सांगितलं होतं. बाबा आता ऐंशीला आले, कानाने कमी ऐकतात, फोनवर ओरडतात. म्हणाले, केवढा आहे तो तलाव, नीट सांग. मी आकडा सांगितला. हेक्टर त्यांना कळतात, सोसायटीचे संचालक होते. मग विचारलं, "या काठची हाक त्या काठाले पोचते का?" आमच्याकडे जुनी रीत आहे, ज्या पाण्यावरून हाक पलीकडे पोचत नाही त्यात एकट्याने उतरायचं नाही. मी म्हटलं, बारा किलोमीटर आहे बाबा, कशी पोचेल. सोबत एक होडी असते, तिच्यात दोन माणसं असतात, पण होडीला हात लावला की पोहणं बाद. ते म्हणाले, "मंग तिले सांग नको जाऊ म्हनून. तुह्यं ऐकते ते." आणि जरा थांबून, उगाच आठवलं म्हणून बोलावं तसं, "तू असती तं मी काही म्हटलं नसतं." सव्वीस वर्षं ज्या वाक्यासाठी मी जळत होते ते वाक्य ते असं सहज बोलून गेले, आणि लगेच मोतीबिंदूच्या थेंबांचं विचारायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही. पण तो टिकला नाही, कारण बाबांना जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं, आणि ते मी स्वतःलासुद्धा फार कमी वेळा सांगितलं आहे.

हात शेवटपर्यंत नव्हता. मध्यावर, दोन्ही काठ सारखेच लांब असतात त्या जागी, मी तो काढला. दमले होते म्हणून नाही. मला तिच्या पोटाची गरम, मऊ कातडी तळव्याला लागत होती, फ्रॉक फुगून माझ्या तोंडावर येत होता, आणि तिने एक लहानसा हुंकार काढला, खुशीचा, आपल्याला जमतंय असा. तो हुंकार माझा होता. ती जागा माझी होती. आता माहा दोर हे नेईल. मी हात काढला आणि पाण्यात स्थिर झाले आणि पाहत राहिले. ती खाली गेली. तिचे केस पाण्यावर पसरले, काळे, गोल. मी ते पाहिलं. मी किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही, एक श्वास असेल, दोन असतील, पण त्या वेळात माझ्या मनात तिला धरायचं आलं नाही हे मला पक्कं आठवतं. मग ती वर आली, खोकली, आणि हात मारायला लागली. मान वर, आवाज न करता, मी शिकवलं होतं तसं. मी जागची हलले नाही. ती पुढे जात राहिली आणि मी मागून, खूप मागून, गेले, तेही ती बरीच पुढे गेल्यावर. निम्म्याहून जास्त तलाव ती एकटी पोहली. म्हणजे पेपरातलं खोटं होतं तेवढंच खरंही होतं, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि सांगायचं तर दोन्ही सांगावं लागणार होतं.

रविवारी सकाळी साडेआठला फोन आला. तिकडे पहाटेचे पाच. धनराज रात्रपाळी करून आला होता आणि चहा टाकत होता. पुनमचा आवाज बारीक होता, थंडीने किंवा कशाने. मागे माणसं जर्मनमध्ये बोलत होती, कोणीतरी होडीचं इंजिन चालू करून बघत होतं. ती म्हणाली की थंडी लागू नये म्हणून अंगाला चरबी लावून झाली आहे, टोपी हातात आहे, पाच मिनिटांत उतरायचं, नाहीतर आताच या लोकांना नाही म्हणून सांगते. मागच्या वर्षी सातव्या किलोमीटरला काय झालं ते तिने मला पहिल्यांदाच सांगितलं. पाणी शांत होतं, दमही होता, फक्त एकदम पोटाखाली काही नाही असं वाटलं, नुसती खोली, आणि तिने होडीला हात लावला. "तवापासून मले वाटते, तिथं कोनी तरी होतं आणि आता नाई. बाई, तू सांग ना. होता का हात?"

"होता," मी म्हटलं. तिचा श्वास मला ऐकू आला, आत घेतलेला, बाहेर न सोडलेला. मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं, उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यावं तसं. आता काही न बोलता फोन ठेवला असता तरी चाललं असतं.

"पुरा?" तिने विचारलं.

धनराज कपात चहा ओतत होता, त्याचा आवाज येत होता. पुरा, हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. मग तीच म्हणाली, मला सोडवावं म्हणून, ती तशीच आहे, तिला कोणाचं वाईट दिसत नाही, "मधात काढला असशीन. थकली असशीन ना तू."

आणि तेवढं मात्र मला सोसलं नाही. पुढचं मी जे बोलले त्यात चांगुलपणा कुठेही नव्हता, हे मला लोकांनी लक्षात ठेवावं असं वाटतं. "मी थकली नव्हती," मी म्हटलं. "मी कधीच थकत नव्हती. मी मुद्दाम काढला. बाबांनं तुले दोर देला म्हनून. तू खाली गेली ते मी पाह्यलं. धरली नाई तुले."

पलीकडे इंजिन बंद झालं होतं. कोणीतरी तिला नावाने हाक मारली, 'पूनाम' अशी काहीतरी. तिने विचारलं, "मंग मी वर कशी आली?"

"तुही तू आली."

"आनि मंग?"

"मंग पोहली. अर्धं होतं अजून. मी मांगंच होती. लई मांगं."

मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा फोन ठेवेल, आणि त्यातलं कोणतंही झालं असतं तरी मी तयार होते. ती अगदी सरळ आवाजात, दवाखान्यात रोग्याला कुठे दुखतं म्हणून विचारावं तसं, म्हणाली, "मी बुडावी असं वाटे तुले. आजही वाटते का?"

मी खरोखर विचार केला. सव्वीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मीही नाही. खिडकीबाहेर शेजारणीने चादरी वाळत घातल्या होत्या. "थोडंसं," मी म्हटलं.

ती हसली. मोठ्याने, पोट धरून हसल्यासारखी, तिथली माणसंही मध्येच बोलायची थांबली असावीत. मग म्हणाली, "बरं. जातो मी," आणि फोन न बंद करता कोणाच्या तरी हाती दिला किंवा होडीत ठेवला, मला कळलं नाही. पावलं ऐकू आली, गोट्यांवरची. त्या माणसांनी काहीतरी मोजलं, तीन शब्द, आणि पाण्याचा आवाज झाला. उडी मारल्याचा नाही, चालत आत गेल्याचा, आधी घोट्याचा, मग गुडघ्याचा, मग कमरेचा. मला प्रत्येक पायरी ओळखू येत होती. मग हात सुरू झाले, फटाफट, ती तिकडे शिकली होती ते, आवाज करणारे, आणि मला आतून जळायला लागलं, डाव्या बाजूला, बरगडीखाली, नेहमीसारखं. मी फोन कानाला आणखी दाबून धरला. धनराजने चहा आणून ठेवला आणि विचारलं, काय म्हणते पुनम. मी हातानेच त्याला गप्प राहायला सांगितलं, कारण होडीचं इंजिन चालू झालं होतं आणि तिचे हात आता कमी ऐकू येत होते.